दाब, धर

तीन दिवस झाले, क्लच मऊ लागतोय.
सकाळी ठीक. दुपारी एकनंतर मेडिकल चौकाच्या सिग्नलवर
लिव्हर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी बोटांत येते,
न्यूट्रल सापडत नाही,
आणि मागचा ऑटोवाला आपलं कूळ विचारतो.

गाडी गिऱ्हाइकाची. उद्या सकाळी तिला पचमढीला निघायचंय.

हँडलवरच्या डबीचे दोन स्क्रू उघडले.
आत ऑइल कसलं,
दोनदा उकळलेला टपरीचा चहा.
डॉट फोर हवेतलं पाणी पितं, हे शिकलो होतो.
पण मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत, घाट रोडवर
त्याला पाणी मिळतं कुठून?
आम्ही टँकरला नंबर लावतो.
मग कूलरकडे बघितलं.
वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि बरोबर त्यांच्या तोंडाशी, फळीवर,
झाकण सैल राहिलेली बाटली.
मागच्या सर्व्हिसला यातूनच भरलं होतं. मीच.

चार वर्षांपूर्वी याच फळीवर दोन बाटल्या होत्या.
एका गाडीला डॉट, एकीला मिनरल.
डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, वाचायचं फक्त.
कुणीतरी वाचलं नाही.
सील भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगलं,
गाडी सावनेरच्या पुढे अडकली, रात्री,
भरपाई अडतीस हजार.
तू ओतलं. नाही, तू.
मग विटा आल्या, अर्धी पोतं सिमेंट आलं,
आणि एका गॅरेजची दोन झाली.
भिंतीला प्लास्टर अजून कुणी केलेलं नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात.
एक लिव्हरवर, एक खाली, आठच्या पान्याजवळ.
माझं पोरगं बहिणीच्या लग्नाला तुमसरला गेलेलं.
मी सुतळीने बघितलं, गुडघ्याने बघितलं,
एकदा तर हनुवटीने.
पलीकडच्या शटरमधून कुणीतरी खाकरलं.

मोरेश्वर आला. चप्पल बाहेर काढली,
जशी दुकान एक असताना काढायचा.
माझ्याकडे न बघता हँडल थोडं वळवलं,
डबी सपाट येईल असं,
टाकीवर ओलं फडकं पसरलं (थेंब पडला तर रंग जातो)
आणि लिव्हरवर हात ठेवला.
मी खाली बसलो.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
पारदर्शक नळीतून काळं आलं,
मग बुडबुडे, मोहरीएवढे, एकामागे एक.
नट बंद. सोड.
दाब. धर. सोड.
चार वर्षांत आमचं इतकं बोलणं झालं नव्हतं.

"डबी बघ बे, खाली गेली," तो म्हणाला.
मी नवी सीलबंद बाटली फोडली. भरलं.
दाब. धर.
नट उघडा होता, तेव्हाच तोंडाशी आलं माझ्या,
की त्या दिवशी, सावनेरवाल्या गाडीत,
की मला वासावरूनच कळलं होतं, ओतता ओतता.
वर बघितलं. त्याच्या मनगटाची शीर ताठ.
अशा वेळी लिव्हर सुटली तर हवा उलटी आत जाते.
मी नट आवळला.
"सोड," म्हणालो.

शेवटी नळीत पिवळं, स्वच्छ, गोमूत्रासारखं.
तरी लिव्हर पहिल्या बोटभर पोकळच.
मोरेश्वरने भिंतीवरच्या खिळ्याची जुन्या ट्यूबची पट्टी काढली,
लिव्हर ग्रिपला घट्ट बांधली.
"राहू दे रातभर. बारीक हवा आपोआप वर येते.
तिले घाई नाही करायची."
खिळा कुठे आहे, त्याला आठवत होतं.

मी विचारलं, "चहा?"
"ऊन आहे," तो म्हणाला, आणि गेला.

सकाळी सातला पट्टी सोडली.
लिव्हर कडक, पहिल्या इंचातच पकड.
गिऱ्हाइकाने पैसे दिले, हेल्मेट घातलं, गेली.
अर्ध्या नोटा वेगळ्या करून
मी पलीकडच्या शटरसमोर उभा आहे.
ते साडेआठला उघडतं.
हातातली बाटली मी झाकण आवळून आणलीय,
आणि त्यावर काय लिहिलंय
ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचायचं ठरवलंय.