परतीचे सहा किलोमीटर

जाताना आम्ही सगळेच फार छान धावतो.
नैर्ऋत्येचा वारा पाठीला तळवा लावून ढकलत असतो.
उजवीकडे सामुद्रधुनी, शिशाच्या पत्र्यासारखी,
मोडक्या धक्क्याच्या खांबांवर पाणकावळे
एकाच दिशेला चोची करून उभे,
पेन्शनच्या रांगेतले असावेत तसे.
घड्याळ म्हणतं, किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस.
माझा विश्वास बसत नाही.
एकोणीस वर्षं मी कवळ्या बनवतेय पुंता अरेनासमध्ये,
हसू पुढे आलं की मला कळतं
खोटं कुठून सुरू होतं.

रिओ सेकोच्या वाटेवर एक उपडी होडी आहे.
तिला हात लावायचा आणि वळायचं.
वारा पाहून पाठ फिरवावी म्हणतात.
इथं वाऱ्याकडे पाठ केली
तर घर मागे राहतं.

ऑगस्टात बर्फाखाली काळा बर्फ होता.
पाव आणायला गेले आणि आपटले, धावतानासुद्धा नाही.
माकडहाडानं नऊ दिवस बसू दिलं नाही,
उभ्यानं जेवले, उभ्यानं दाढा घासल्या,
लोकांच्या.
मग टाच. सकाळचं पहिलं पाऊल
कुणीतरी रात्री पेरून ठेवलेल्या खिळ्यावर.
बाटलीत पाणी गोठवून तळपायाखाली फिरवत
मी एक अख्खी मालिका बघून संपवली,
तिच्यातली बाई शेवटी कुणाशी लग्न करते, आठवत नाही.

खाटकानं दिलेल्या कॅलेंडरवर मी किलोमीटर लिहिते.
आठ. आठ. पाच, गारा आडव्या.
नाही.
नाही.
ऑक्टोबरातल्या एका चौकोनात नुसतं "दोर":
त्या दिवशी चौकाचौकांत दोर बांधले होते,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून,
आणि मीही ओलांडला, कांद्यांची पिशवी छातीशी धरून,
पुढच्या म्हाताऱ्याची टोपी
पोर्वेनिरला जाताना बघत.

परतताना नोल्बेर्तो पुढे असायचा.
फेरीबोटीवरचा जुना मेकॅनिक, सदुसष्ट वर्षांचा,
कपाटाएवढी पाठ.
तीन दिवे त्यानं वारा खायचा, तीन दिवे मी.
मी जेमतेम दीड मीटर.
माझ्या आडोशाला त्याचा फार तर एक खांदा मावे,
तरी माझी पाळी आली की तो यायचा मागे,
वाकून, मुकाट,
जणू मी भिंतच आहे.
बोलणं नाहीच. तोंड उघडलं तर दात गार पडतात.
फक्त कधीतरी मागून: "दम धर, क्लोरिंदा."
दम असता तर धरला नसता का?

नोव्हेंबरात त्याचा गुडघा सुजला, आंबोळीसारखा नाही,
भोपळ्यासारखा म्हणावा इतका.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जानेवारीचे एकवीस विसरा.
तो विसरला की नाही, मी विचारलं नाही.
पुढच्या गुरुवारी होडीपाशी त्याची पिकअप उभी,
काचेमागे थर्मास.
गारा होत्या. मी आत बसले.
कॅलेंडरवर लिहिलं: सहा. आणि सहा पिकअप.

मग परवाची सकाळ.
वारा नाही.
लाल-हिरव्या पत्र्याच्या छपरांवर धूर सरळ उभा,
झेंडे खांबांना चिकटलेले,
लोक दारात येऊन आकाशाकडे बघतायत,
काही चुकलंय का म्हणून.
मी वर्षभर हेच मागितलं होतं
आणि माझे पाय लटपटायला लागले:
ज्याच्या अंगावर रेलून धावत होते तोच उठून गेलेला.
होडीपाशी वळले, तरी हनुवटी खाली, खांदे आवळलेले,
समोर काहीच नसताना.

नोल्बेर्तो पिकअप माझ्या चालीनं हाकत होता,
कोपर खिडकीबाहेर. "बस आत," म्हणाला नाही.
तिसऱ्या दिव्याशी मी सवयीनं डावीकडे सरले,
त्याला पुढे येऊ द्यायला.
आणि तो आलाही.
हळूच गिअर बदलून, माझ्यासमोर येऊन,
नसलेला वारा अडवत
तीन दिवे तसाच चालत राहिला,
डिझेलचा धूर माझ्या तोंडावर सोडत.

मी खोकत होते. ओरडून सांगायला हवं होतं,
पण दिवे अजून दोन उरले होते,
आणि पाळी त्याची होती.