पुठ्ठ्यावरची भोकं

बिराजदार बाईंनी पहिल्या दिवशी काही दिलं नाही,
फक्त शंभरपानी वही.
"जे खाल ते लिहा. किती वाजता, तेही.
मग काय दुखलं, कुठं, किती वेळ."

मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं साखर पेठेत
जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
भोक असेल तिथं ताण्याचा दोरा वर,
नसेल तिथं खाली.
चादरीवर मोर उठायचा म्हणे,
मला दिसायची ती भोकंच.
लिहिणं आपलं काम नाही.
"मग भोकं पाडा," त्या म्हणाल्या.

माझ्या चार फायली.
सांध्यांची सात रस्त्याला, आतड्याची होटगी रोडला,
थायरॉइडची एक, साखरेची एक.
भावकीत रान वाटावं तसं मला वाटून घेतलेलं,
गुडघेवाला पोटाच्या बांधावर पाय ठेवत नाही.
बाई चारी फायली सतरंजीवर पसरून बसल्या, दीड तास.
एवढा वेळ माझ्याकडं याआधी वकिलानं बघितलं होतं,
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा.

"गोळी एकही बंद करायची नाही," हे आधी सांगितलं.
"मी बरं करत नाही. मी ताट बघते."

सोमवार. सहा वाजता कोमट पाणी. बोटं ताठ, साडेनऊपर्यंत.
मंगळवार. हुलग्याचं माडगं. सलग चार तास झोप.
बुधवार. कडक भाकरी चहात बुडवून. पोट नगारा.
गुरुवार. ज्वारीच्या कण्या, दुधी, ताक. काही नाही.
'काही नाही' लिहिताना हात थांबला.
हेही लिहायचं असतं?

अंबक्काला पटेना.
"शेंगाचटणी बंद? सोलापुरात?"
पुढं ती तेलुगूत जे बोलली ते वहीत नाही.
तिचं म्हणणं, दुखणं खाण्यातलं नव्हेच.
दुखणं रातपाळीतलं, रिकाम्या पोटी सात कप चहातलं,
कापसाच्या तुसातलं.
मी हे बाईंना सांगितलं, जरा हसतच.
त्या हसल्या नाहीत.
तारीख टाकून उतरवून घेतलं, अंबक्काच्या नावानं.

सहाव्या आठवड्यात त्यांचं बोट पानापानावरून फिरलं
आणि थांबलं.
"दर शनिवारी सकाळी चक्कर. हात कापतात.
आदल्या रात्रीच्या जागी कोरं."

पुठ्ठ्यावर एक भोक राहिलं
तर चूक एकदा येत नाही.
पुठ्ठ्यांची माळ फिरते, चूक फिरून येते,
तेवढ्याच अंतरावर, थान संपेपर्यंत.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

उपास का?
नाही.
मग?
मग पंख्याकडं बघत सांगितलं,
विड्यांची मजुरी शनिवारी येते.
शुक्रवारी डब्यात पीठ दोन भाकरींचं असतं.
दोन्ही तिला. आणि मी म्हणतो, पोट फुगलंय.

अंबक्का दारात बसली होती,
सुपात तेंदूची पानं, कात्री हातात.
कात्रीचा आवाज थांबला.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग माझा तक्ता पुढं ओढला,
बदाम खोडले. अक्रोड खोडले.
खाली हुलगे लिहिले, राजगिऱ्याची भाजी, नाचणी,
भाव विचारून, एकेक, माझ्या नाही, अंबक्काच्या तोंडून.
"हे माझं चुकलं," म्हणाल्या.
एवढ्या वर्षांत कुठल्या फायलीत
हे वाक्य आलं नव्हतं.

बरा झालो असं नाही.
बोटं आता नऊपर्यंत ताठ.
मागच्या महिन्यात आतड्यानं पुन्हा डाव साधला,
तीन दिवस सलाइन. वही सोबत होती.
चटणी रविवारी, एक चमचा, वर ताक.
मोर बिर काही दिसत नाही अजून.

शुक्रवारी रात्री मात्र अंबक्का
विड्यांचं सूप बाजूला सारते,
भाकरी मधोमध मोडते,
माझा अर्धा भाग मुद्दाम थोडा मोठा.
समोर बसते. मी शेवटचा घास गिळेपर्यंत
पापणी हलवत नाही.

मग वही सरकवते माझ्याकडं.
लिही, म्हणते.