अकिकाचा लाल

साहेबाचा कागद विलायती.
उजेडाकडे धरला की त्याच्या पोटात
मुकुट दिसायचा, खाली सालाचा आकडा.
उस्ताद नियामत नक्काश म्हणाले,
"आधी याला खळ पाजा, फार तहानलेला आहे."

मी तेव्हा तेरा वर्षांचा. माझ्याकडे जाळ्या.
खारीच्या शेपटीचा एकच केस उरवलेला कुंचला,
श्वास सोडायचा तो मान वळवून.

पहाटे ताजगंजातून निघायचं,
होडीने यमुना ओलांडून वजिराच्या कबरीपाशी.
सोबत सुताचा गुंडा, ओळंबा, रात्रीच्या रोट्या.
भिंतीला सूत लावायचं, गाठ मारायची,
घरी येऊन गाठी मोजायच्या.
साहेबाला गज नको होते, फूट हवे होते.
"कुणाचं पाऊल?" उस्तादांनी विचारलं.
दुभाष्या हसला. साहेबाला त्याने काहीच सांगितलं नाही.

मग फर्मान आलं : पलीकडचा मिनार लहान काढा.
उस्ताद बराच वेळ गप्प.
"गवंड्याला त्याची मजुरी कमी मिळाली नव्हती,"
एवढंच म्हणाले, आणि लहान काढला.
घरात खाणारी नऊ तोंडं होती.

छतावरचं पिंपळाचं रोप नको.
कबुतरं नकोत, दारात झोपणारा बुंदू मुजावर नको,
त्याची बकरी तर नकोच.
एक माणूस चालेल, उंचीचा अंदाज यावा म्हणून.
पण पाठमोरा.

आणि फुलं पुरी हवीत.

फुलं पुरी नव्हती.
छावणी पडली त्या वर्षी संगिनींच्या टोकांनी
अकीक उकरून नेले होते गोऱ्या शिपायांनी.
पाकळ्यांच्या जागी खाचा, खाचांत मुंग्या.
मी एकीत बोट घालून पाहिलं होतं,
नेमकं एका पेराची जागा.

लाल कोणता होता?
आमच्यापैकी कुणी तो पाहिलाच नव्हता.
शेंदूर वाटला, लाख वाटली, हिंगूळ वाटला.
साहेब एकेका शिंपल्यात डोकावे, मान हलवी.
शेवटी त्याने जाकिटाच्या खिशातून रुमाल काढला,
गाठ सोडली
आणि माझ्या शिंपल्याशेजारी काहीतरी ठेवलं.
दुभाष्या म्हणाला, "असा."

पाकळी होती.
एका कडेला चुना अजून चिकटलेला.

उस्तादांनी ती हातात घेतली नाही.
लांबूनच, डोळे बारीक करून पाहिली.
हिंगुळात चिमूटभर गेरू टाकला.
"घोट, पोरा."
मी घोटत राहिलो. दुपारी लाल जुळला.
साहेब खूश. पाकळी रुमालात, रुमाल खिशात,
आम्हाला ठरल्यापेक्षा दोन रुपये वर.

चित्र पेटीत बसून कलकत्त्याला गेलं,
तिथून जहाजात.
कुठल्याशा थंड भिंतीवर ती कबर आता पुरी असेल,
एकही दगड हललेला नसेल.
त्या पाठमोऱ्या माणसाला मी
बुंदू मुजावराचं फाटकं पागोटं दिलंय.
तेवढं उस्तादांना विचारलं नव्हतं.

माझे डोळे जाऊन सात वर्षं झाली.
नातू कधीमधी होडीने पलीकडे नेतो.
मी भिंत चाचपतो, खाच सापडते.
बोट जाडावलंय.
आत जात नाही.