लांडग्याची वही

इथं पाहण्यासारखं काय आहे,
गाडीची काच खाली करत त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, उतरा आधी.
काचेतून नुसतं वाळलेलं गवत दिसतं.

परांड्याकडून येणारा फाटा
आमच्या पाटीपाशी डांबर सोडतो.
पाटी मीच रंगवलेली:
हुरडा, घोंगडी, रात्रीचे तारे, लांडगा.
लांडग्याखाली 'नशिबात आसल तर'
हे हैबतीकाकानं नंतर कोळशानं लिहिलं.

काकाकडं एक वही आहे,
लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात असते तशी.
तीस वर्षांत लांडग्यानं नेलेली कोकरं तिच्यात आहेत
तारखेनिशी, रंगानिशी,
'कानाला ठिपका', 'आईविना वाढलेलं',
'पोळ्याच्या आदल्या रात्री'.
एकूण सत्तेचाळीस.
भरपाई आली ती दोघांची.

ज्या वर्षी पहिले पाहुणे
लांडगा बघून, हरखून, पैसे देऊन गेले
त्या रात्री काकानं वही उघडली
आणि एक कोकरू खोडलं.
"फेडालाय बग," म्हणाला.
"हप्त्यानं का हुईना."

तर त्या दिवशी उंबरजे आले लातूरचे,
बँकेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा,
बायको, सून, आणि नात शाल्मली.
मी त्यांना सकाळी चालवत नेलं.
चंडोल गात गात सरळ वर गेला
आणि ठिपका झाला, मग ठिपकाही नाही,
नुसतं गाणं.
उंबरजेबाई मान वर करून उभ्याच राहिल्या.
गवतावरून तिरपा, खालून खालून
भोवत्या फिरत होता.
तो हिमालयापलीकडून येतो दरसाल,
पण इथं पाहण्यासारखं काय
असं अजून त्यानं विचारलेलं नाही.
(हे मी मनात म्हटलं. गिऱ्हाईक आहे.)

दुपारी आगटी. गोवऱ्यांचा धूर,
गूळभेंडीची कणसं, तळहात भाजत चोळलेला हुरडा,
लसणाची चटणी, घट्ट दही.
सुनेनं घोंगडी खांद्यावर घेतली, टोचते म्हणाली,
आणि संध्याकाळपर्यंत काढली नाही.
शाल्मली मोज्यातली कुसळं उपटत होती,
मोजत होती. एकशे बारा.
"काका, लांडग्याचं नाव काय?"
काका विचारात पडला.
"नाव न्हाई, बाळ. खातं हाय."

मग वाट पाहणं.
बांधाआड पाचजण, काका थोडा लांब.
ऊन पिवळं झालं, मग तांबडं,
मग गवताला रंगच उरला नाही.
काळविटांचा कळप एकदा थबकला,
सगळे कान एका बाजूला,
आमचे श्वासही त्याच बाजूला.
काही नाही.
साडेसहाला उंबरजे घड्याळ बघून उठले.

काकानं कनवटीचे दोनशे काढले.
"लांडग्याचे परत."
"अहो, राहू द्या, त्यात काय एवढं."
"न्हाई. आलाच न्हाई तर घिऊ कसं?
त्याच्या नावावर आनखी उसनं नगं."
उंबरजे आयुष्यभर कर्जाच्या फायली बघत आलेले,
त्यांनी पैसे घेतले, मोजले नाहीत,
आणि काकाला वाकून नमस्कार केला.
काका लाजला, मेंढरांकडं निघून गेला.

गाडीचे तांबडे दिवे फाट्यापर्यंत दिसत राहिले.
मी ताटं घासत बसले.
काका कंदील घेऊन आगटी विझवायला गेला
आणि बराच वेळ आला नाही.
कुत्रीही भुंकली नाहीत, ते मला उशिरा लक्षात आलं.

सकाळी वही चुलीजवळ उघडी होती.
त्याच्या जाड, मागं झुकलेल्या अक्षरात:
'गाडी गेल्यावर आला. कनसं हुंगली.
माज्याकडं बगितलं. बसला. मीबी बसलो.
पैसे न्हाईत.'

खाली, ठिपक्याच्या कानाच्या कोकरावर
रेघ ओढलेली,
अर्धीच.