रुमालाखाली

खांबेटे सर खडू उगारून म्हणायचे,
भाव कुणी ठरवत नाही, भाव ठरतो.
मग फळ्यावर तुर्भ्याचं मार्केट उभं राहायचं:
पहाटे चारचा ट्रक, ओलसर गोणी, कांद्याचा वास,
दोन माणसांचे हात एका रुमालाखाली,
बोटांनी बोटं दाबून झालेला सौदा.
"हा रुमाल बघून ठेवा.
सरकारपासून माणसाला
एवढाच आडोसा पुरतो."

आम्ही हसायचो.
सरांचं कॉलेज अनुदानित,
घर सिडकोच्या सोडतीत लागलेलं,
नेरूळला, पिवळ्या बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला.
एकदा मागच्या बाकावरून तुळपुळे ओरडला,
"सर, तुमचा भाव कुणी ठरवला?"
सरांनी खडू ठेवला, हात झटकले.
"सहाव्या वेतन आयोगाने.
म्हणून तर खात्रीने सांगतो, चुकीचा आहे."

पुस्तकासाठी अनुदानाचा अर्ज त्यांनी केला नाही.
पीएफ काढून पाचशे प्रती छापल्या,
मलपृष्ठावर: किंमत वाचून ठरवा.
बहुतेकांनी वाचलं नाही,
तेव्हा ठरवायचाही प्रश्न आला नाही.
तीनशे बारा प्रती पलंगाच्या पेटीत,
डांबरगोळ्यांसकट.
रिक्षांचे परवाने खुले करा असं लिहिलं
तेव्हा युनियनवाले घरी आले.
चहा झाला, वाद झाला, पुन्हा चहा झाला.
प्राचार्यपद दुसऱ्याला मिळालं.

मी करावे गावची.
प्रोजेक्टमध्ये मी लिहिलं होतं,
बापाने सही केली नव्हती.
सही लागलीच नव्हती.
सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली
आणि रविवारी घरी आले.

जमीन गेल्यावर बाप तुर्भ्याला काट्यावर लागला होता,
तेवीस वर्षं दुसऱ्याचं वजन करत.
सरांनी विचारलं, "केवढ्याला दिली असती?"
बापाने सुपारी कातरली.
"नाय दिली असती."
"बरोबर," सर म्हणाले, "हाही भावच."
एवढं म्हणून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.
मग बापाने त्यांना गच्चीवर नेलं.
"ती पाण्याची टाकी दिसते?
तिथून त्या पिवळ्या बिल्डिंगपर्यंत."

सर बराच वेळ बिल्डिंगकडे बघत राहिले.
तिसऱ्या मजल्यावर
त्यांच्याच चादरी वाळत होत्या.
एरवी पन्नास मिनिटांचा तास
सत्तर मिनिटं ओढणारा माणूस,
खिशात चष्म्याचं घर
उघडत होता, मिटत होता.

शेवटी त्यांनी उजवा हात पुढे केला.
बापाने आधी हात बघितला, मग माणूस,
मग खांद्यावरचा पंचा काढून
दोघांच्या हातांवर टाकला.
पंचा हलला. थांबला. परत हलला.
बापाने एकदा मान नाही म्हणून हलवली.
खाडीकडून वारा येत होता,
पंच्याचं टोक मीच धरून ठेवलं.

सर जाऊन दोन वर्षं झाली.
मी आता त्याच फळ्यावर
मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा काढते,
जिथे त्या छेदतात तिथे खडू मोडतो.
बापाला अधूनमधून विचारते, किती?
तो म्हणतो, ते दोघांतलं आहे.