ओव्हनमधली भांडी

पाच वर्षं आमच्या ओव्हनमध्ये
कढई राहत होती, दोन तवे, पापडांचा डबा,
चकलीचा सोऱ्या, आणि त्याची
हरवलेली, सापडलेली, पुन्हा हरवलेली एक चकती.
आज सगळ्यांना बाहेर काढलं.
गुदैबियातल्या या तिसऱ्या मजल्यावर
ओट्याला अंग कमी,
म्हणून कढई जमिनीवर बसली, रुसल्यासारखी.

रोसाल्बाचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही क्लिनिकनं.
अकरा दिवसांत तिनं पलंग विकला, फ्रिज विकला,
मांजर एका फिलिपिनो नर्सला दिली
आणि आदल्या रात्री टॉवेलात गुंडाळून
टकीलाची बाटली माझ्या हातात ठेवली.
चार बोटं उरलेली.
सोबत कृती, दाताच्या एक्स-रेच्या पाकिटावर.

बाटलीवरचं झाड पाहून मी हसले.
घायपात.
आटपाडीच्या वाटेला बांधाबांधावर उभी असायची,
तिचे दोर वळायचो आम्ही, बैलाला, बादलीला.
तिच्या पोटात हे असतं
कुणी बोललंच नाही.

पाकिटावर लिहिलंय:
संत्री, रडतील एवढी पिळ.
लिंबं, त्याहून थोडी कमी रडवलेली.
मध. लसूण. जिरं.
(जिऱ्यापाशी आम्ही दोघी एकाच गल्लीतल्या.)
तिच्या मिरचीचं नाव मला लागलं नाही,
मी ब्याडगी भिजवली, वाटली,
रंगात तरी ती कुणाला फसवत नाही.
शेवटची ओळ: टकीला मोजू नकोस, ऐक.

पण समोरच्या उम्म जासिमची बशी माझ्याकडे आहे,
निळ्या माशाची.
गुरुवारी तिच्यातून मच्छीचा भात आला होता,
आणि बशी रिकामी परत करायची नसते
हे मला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं.
आमचं दोघींचं एवढंच व्याकरण जुळतं.

म्हणून दोन ट्रे.
आधी तिचा, ओव्हन कोरा असताना.
टकीलाच्या जागी डाळिंबाचा रस,
काळं सुकं लिंबू फोडून.
वेगळं पातेलं, वेगळा चमचा, नवा ब्रश.
आमच्या घरातून सोवळं जाऊन जमाना झाला,
आज परत आलं,
दुसऱ्या कुणासाठी.

मग आमचा.
पातेल्यात ओतली, कान दिला.
आधी काहीच नाही.
मग शेजारच्या खोलीत कुणी
कोरी साडी उलगडावी तसं,
आणि एकदम फेस.
उमाकांत दारात येऊन उभा:
"उडून जाते ना सगळी?"
"जाते," मी म्हटलं. "बरीचशी."
माळकरी घरातला माणूस,
गेला नाही तिथून,
घेता येईल तेवढा श्वास घेत राहिला.

उम्म जासिमनं दारातच तुकडा तोडला.
काय आहे यात?
संत्रं, लिंबू, मध.
आणि?
डाळिंब. तुमचं लूमी.
आणि?
आणि काही नाही.
खरंच होतं ते.
तरी परतताना त्या चार पावलांत
माझे कान तापले.

रात्री दहाला आम्ही जेवलो.
साल चिकट, कडा काळ्या,
आंबट येतं, मग गोड, मग घशाशी काहीतरी
ज्याला नाव द्यायच्या आत ते नसतं.
उमाकांतनं हाडं चोखली आणि
कशी झाली ते सांगितलं नाही.
फोटो पाठवला.
दोन तासांनी रोसाल्बाचं उत्तर:
कडा जाळल्यास.
मग आणखी एक:
मांजर भेटते का तुला?

बाटली विसळली, पेपरात गुंडाळली,
कचऱ्यात टाकली, परत काढली,
सिंकखाली ठेवली आहे. बघू.
भांडी ज्याच्या त्याच्या जागी, ओव्हनमध्ये.
चकती सापडली.

रविवारी ड्यूटीच्या आधी पोहे केले.
पहिला घास घेऊन उमाकांत थांबला,
कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
पोह्यांना संत्र्याचा वास होता.
मी लिंबाची फोड पुढे सरकवली.