पान्ह्यासकट पासष्ट

कुपवाडच्या शेडमध्ये, रात्री साडेअकराला,
मी संगणकाला एक भरीव ठोकळा दिला,
हळदीच्या सौद्याच्या छपराएवढा,
आणि सांगितलं: पेलत नाही ते काढ.

तो कणाकणाला विचारत गेला,
तू काय उचलतोस?
गप्प राहिले ते गेले.
चाळिसाव्या फेरीला ठोकळ्याला भोकं पडली,
दोनशेव्या फेरीला उरली नुसती वाट,
पावसाचं, वाऱ्याचं, पत्र्याचं ओझं
जिथून जमिनीकडे उतरतं ती.
एकोणीस टनांचं छप्पर सातावर आलं.
मी एकटीच हसले.

सकाळी बशीरभाई सतारमेकर आले.
आडनाव तेवढं मिरजेचं राहिलंय;
भोपळे खरवडणारे चुलते गेले,
ह्यांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर.
तरी नवा पाइप आला की
नखानं टिचकी मारून आधी कान लावतात.
चष्मा कपाळावर सरकवून
पडद्यावरचं छप्पर पाहिलं त्यांनी.
बराच वेळ.

"हलकं झालंय झकास.
पण ताई, बोल्ट आवळाय वर कोण चढंल
त्याला धरलाय का ह्यात?"

वारा धरला होता. भूकंप धरला होता.
कबुतरंसुद्धा, गमतीनं, किलोच्या हिशेबात.
माणूस नव्हता धरला.

"तुमचं वजन किती?"
"बासष्ट. पान्ह्यासकट पासष्ट लिवा."

लिहिलं.
जिथं जिथं पाय पडेल तिथं तिथं पासष्ट.
रात्रभर यंत्राचा पंखा घुरघुरत होता.
पहाटे बघते तर डावीकडची फांदी
जराशी सरकलेली,
दोन नळ्या जाड झालेल्या,
आणि बिनकामाची म्हणून मी जाऊ दिलेली
एक बारीक कांब
आपल्या जागी परत येऊन बसलेली.

दोनशे दहा किलो वाढले.
मालकांनी विचारलं, हे कशाचे?
मी बिलात लिहिलं, देखभाल.

आता खाली सौदे चालतात.
पुकारे चढतात, पोती फुटतात,
पिवळी धूळ नळ्यांवर बसत जाते
आणि वर कुणी बघत नाही.

बशीरभाईंचा गुडघा गेला,
ते काही चढले नाहीत एकदाही.
चढतो त्यांचा भाचा, तौसिफ,
चोपन्न किलोचा.
पान्हा, डबा, खिशातला मोबाइल
सगळं धरूनही
सात किलो शिल्लक.